तीन कवड्या आणि एक चिंचोका



गेल्या वेळच्या लेखात म्हटलं होतं, की आई चार महिन्यांसाठी पुण्याला आमच्याकडे आली आहे. दोन पिशव्या, एक वळकटी आणि एक जुना बिस्किटांचा डबा एवढंच सामान घेऊन ती रामपायलीहून आली. पिशव्यांत काय असणार ते मला माहीत होतं: मोहाची फुलं, लाखोळीची डाळ, कुरोड्या. डबा मात्र तिनं माझ्या हातात दिला नाही. आमच्या चिऊला, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या लेकीला, जवळ बसवून स्वतःच उघडला. आत होता एका जुन्या लुगड्याच्या काठापासून शिवलेला पाच बाय पाच घरांचा पट, थोड्या काचेच्या फुटक्या बांगड्या, तीन कवड्या आणि एक चिंचोका.

चंगाअष्टा! ज्यांनी खेळला असेल त्यांना सांगायला नको. चार कवड्या टाकायच्या. चारीही तोंड वर करून पडल्या तर चंगा, म्हणजे चार. चारीही उपड्या पडल्या तर अष्टा, म्हणजे आठ. आमच्याकडची चौथी कवडी मी लहान असतानाच हरवली होती. तिच्या जागी आजीनं अर्धा फोडलेला चिंचोका ठेवला, तो आजतागायत. दोन दिवस चिऊनं टॅबलेटकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आजी, कवडी कुठल्या झाडाला लागते?" चिंचोका झाडाचा, मग कवडीही झाडाचीच असणार, हा तिचा सरळ हिशोब.

मी म्हटलं, "अगं, समुद्रातली असते ती." त्यावर आई म्हणाली, "असंन बापा. मी काय पायला नाई समुंदर."

आई अडुसष्ट वर्षांची आहे. आणि तिनं समुद्र पाहिलेला नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

ज्यांना रामपायली माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात वारासिवनीपासून जवळ, चंदन नदीच्या काठावर आमचं गाव आहे. नदीला लागून किल्ल्यासारखं रामाचं मंदिर. रामाचे पाय लागले म्हणून रामपायली, असं गावात सांगतात. कार्तिकात तिथं जत्रा भरते. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत पोवारी, अशा तीन भाषा घेऊन आम्ही मोठे झालो. नकाशा उघडून बघा, कुठल्याही बाजूला समुद्र पाचशे किलोमीटरच्या आत नाही. तरीही आमच्या लहानपणी घरोघरी कवड्या असायच्या. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गुराखी मंडळी कवड्या लावलेले पट्टे बांधून नाचायची. त्या कवड्या आल्या कुठून, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच कधी पडला नव्हता. चिऊला पडला.

म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही सोमनाथला निघालो. आईला ज्योतिर्लिंगाचं दर्शन आणि समुद्र, एका फेरीत दोन्ही. पुण्याहून थेट वेरावळला जाणारी गाडी आहे, आठवड्यातून एकदा. सोमनाथच्या मंदिरामागच्या भिंतीशी आई उभी राहिली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "इतलं पानी! आन् कामाचं काई नाई." शेतकऱ्याच्या घरातल्या बाईची प्रतिक्रिया! नवरा हसला, पण मला ते पटलं. चंदन नदीच्या पाण्याकडे ती आयुष्यभर ओलितासाठीच बघत आली आहे.

सोमनाथहून दीव दोन-अडीच तासांवर. दीव म्हटलं की लोकांना भलतंच आठवतं, पण १५३५ सालापासूनचा पोर्तुगिजांचा किल्ला, खडकात भरती-ओहोटीनं न्हाणारी गंगेश्वराची पाच शिवलिंगं आणि नागोव्याचा शांत किनारा, हे सगळं कुटुंबानं जाऊन बघण्यासारखं आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोव्याबरोबरच दीवही मुक्त झालं आणि १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. नागोव्याच्या वाटेवर फांद्या फुटलेली ताडासारखी झाडं दिसतात, त्यांना तिथं होका म्हणतात. आणि त्याच वाटेवर आहे एक छोटंसं शंख-शिंपल्यांचं संग्रहालय.

बाहेरून ते संग्रहालय वाटतच नाही. आम्ही तर पुढे निघून गेलो होतो, चिऊनं पाटी वाचली म्हणून गाडी मागे घेतली. कॅप्टन देवजीभाई वीरा फुलबारिया नावाच्या गृहस्थांनी हे उभं केलं. ते व्यापारी जहाजांवर कप्तान होते. पन्नास वर्षांच्या दर्यावर्दी आयुष्यात जगभरच्या किनाऱ्यांवरून त्यांनी हजारो शंख-शिंपले गोळा केले आणि घरी आणून, नावांच्या चिठ्ठ्या लावून, लोकांना बघायला मांडून ठेवले. आतमध्ये भपका नाही, पडदे नाहीत, आवाज करणारी यंत्रं नाहीत. काचेच्या पेट्या आणि त्यांवर भिंगं. भिंगात डोळा घालायचा आणि बघायचं, बस्स. चिऊला ते भिंगच इतकं आवडलं, की पहिली दहा मिनिटं ती शिंपल्यांऐवजी आईचा डोळा बघत होती.

पहिल्या फेरीत सगळं सारखंच दिसतं. दुसऱ्या फेरीत गंमत सुरू होते. शंकूसारख्या आकाराचे, नक्षीदार शंख बघा. इंग्रजीत त्यांना 'कोन' म्हणतात. आतला जीव विषारी असतो, काही जातींचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो. पण त्यातल्याच एका जातीच्या विषावरून असह्य वेदनांवरचं एक औषध तयार झालं आणि २००४ साली अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. याच कुळातला 'समुद्राचं वैभव' अशा अर्थाच्या नावाचा एक शंख एके काळी इतका दुर्मीळ होता, की श्रीमंत संग्राहक त्यासाठी वाटेल ती किंमत मोजत. मग १९६९ च्या सुमारास पाणबुड्यांना त्यांची राहण्याची जागा सापडली, भराभर शंख बाहेर आले आणि भाव कोसळला. शंख तोच, नक्षी तीच. फक्त तो आता पुष्कळांकडे होता.

देवघरातल्या शंखाचीही गोष्ट मजेची. तो जवळजवळ नेहमी एकाच दिशेनं वळलेला असतो. उलट्या दिशेनं वळलेला लाखांत एखादा, म्हणून दक्षिणावर्ती शंखाला एवढा मान. बाजारात त्या नावानं जे मिळतं ते पुष्कळदा वेगळ्याच जातीचं असतं, तेव्हा जपून. याच सौराष्ट्रात, द्वारकेजवळच्या नागेश्वर या हडप्पाकालीन ठिकाणी, शंखाच्या बांगड्या घडवायच्या कामाचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इथला शंख कापून, घासून, बांगडी होऊन समुद्रापासून लांब राहणाऱ्या बायकांच्या हातात जात होता. आणि गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावलेले ते दुधी, पातळ, चौकोनी तुकडे? तेही शिंपलेच. प्रकाश आत घेतात, ऊन बाहेर ठेवतात.

मग आम्ही कवड्यांपाशी आलो. आईनं कमरेच्या पिशवीतून आमच्या तीन कवड्या काढल्या. ती त्या बरोबर घेऊन आली होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. भिंगाखालची कवडी आणि हातातली कवडी तिनं तीनदा ताडून बघितली. "हेच हाय," ती म्हणाली, एखादा नातेवाईक परगावी भेटावा तशी.

त्या कवडीचं शास्त्रीय नाव मोनेटा, म्हणजे पैसा. १७५८ साली लिनियसनं दिलेलं. नाव उगाच नाही. या कवड्या मुख्यतः मालदीवच्या उथळ समुद्रातून यायच्या. चौदाव्या शतकात मालदीवला काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूतानं लिहून ठेवलं आहे, की सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या मिळतात, कधी तर दहा लाखांपर्यंतही. मालदीवचे लोक बंगालमधून तांदूळ घेत आणि बदल्यात जहाज भरून कवड्या देत. बंगाल-ओडिशात हिशोब असा: चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचा एक काहन. अठराव्या शतकाच्या शेवटी सिल्हेटला रुपयाला ५१२० कवड्या पडत आणि सारा महसूल कवड्यांतच भरला जाई. रॉबर्ट लिंडसे नावाच्या तिथल्या इंग्रज कलेक्टरला तो होड्या भरभरून ढाक्याला धाडावा लागे. पुढे कंपनीनं कवड्यांऐवजी चांदीच्या रुपयात सारा मागायला सुरुवात केली. ओडिशात लोकांचे हाल झाले, १८१७ च्या पाईक उठावामागचं ते एक कारण.

ओडिशाच्या पलीकडे छत्तीसगड आणि छत्तीसगडला लागून आमचा बालाघाट. छत्तीसगडच्या बाजारातही भोसल्यांच्या काळात कवड्या चालायच्या. बैलांच्या पाठीवर मीठ घेऊन येणारे आणि धान्य घेऊन जाणारे लमाणांचे तांडे याच मुलखातून फिरायचे. आमच्या तीन कवड्या नेमक्या कुठल्या वाटेनं आल्या हे कुणी सांगू शकणार नाही. पण वाट होती, एवढं नक्की. मी हे सगळं चिऊला सांगितलं तेव्हा तिनं लगेच हिशोब केला, "म्हणजे आपल्याकडे एक गंडापण नाही!" खरंय. चिंचोका धरला तरच गंडा पुरा.

आई मात्र पुढच्या पेट्यांमध्ये काहीतरी शोधत होती. एकेक भिंग बघून मान हलवत होती. शेवटी मला म्हणाली, "आपली सिप नाई दिसत इथं."

"कुठली सीप?"

"आंबे सोलाची."

चंदन नदीच्या गाळात काळपट शिंपले मिळतात. त्यातला मोठा बघून, त्याची पाठ दगडावर घासून मधोमध भोक पाडायचं. भोकाची कड धारदार होते. तिनं लोणच्याच्या कैऱ्या सोलायच्या, साल कशी कागदासारखी निघते. सोलाणं बाजारात यायच्या आधी आमच्याकडे घरोघरी हीच सीप असायची. मी आईला समजावलं, की हे समुद्रातल्या शिंपल्यांचं संग्रहालय आहे, नदीतल्या नाही. ती म्हणाली, "मंग काय झालं? ते पन पान्यातलंच हाय."

बाहेर आल्यावर होक्याच्या सावलीत बसून नारळपाणी पिताना ती सांगत राहिली. ती सीप माझ्या आजीनं, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, आई लग्न होऊन आली त्या वर्षी घासून दिली होती. घासायला आठ दिवस लागले. सासूनं नव्या सुनेला दिलेली ती पहिली वस्तू. दोघींचं फारसं कधी पटलं नाही, पण दर उन्हाळ्यात कैऱ्या सोलताना दोघी समोरासमोर बसायच्या आणि तेवढा वेळ भांडण बंद. "चुलीच्या वरच्या कोनाड्यात ठेवली हाय," आई म्हणाली. "तुले दिसली तर वळखशील का तू?"

मंडळी, इथं मला एक कबुली द्यायची आहे.

गेल्या श्रावणात आई परसात पाय घसरून पडली. शेजाऱ्यांना कळायला दोन तास गेले. तेव्हापासून दादा आणि मी, तो भिलाईला आणि मी पुण्याला, रोज रात्री फोनवर एकच विषय. कवेलूचं छप्पर दर पावसाळ्यात गळतं, माकडं ते फोडतात, दुरुस्तीला माणूस मिळत नाही. आईनं आता एकटं राहायचं नाही, यावर आमचं एकमत झालं. मे महिन्यात घर रिकामं करायचं, मग विकायचं, हेही ठरलं. जुन्या वस्तू घेणाऱ्या एकाला दादानं घर दाखवूनही आणलं होतं. पितळेची भांडी, लाकडी पायली आणि कुडव, धान्याची कोठी, पाट असं सगळं मिळून त्यानं एक ठोक रक्कम सांगितली होती. उरलेलं फेकून द्यायचं. चार महिने पुण्याला राहायला आईला बोलावलं, ते त्यासाठीच. आणि हे आम्ही तिला सांगितलं नव्हतं. "तिला त्रास नको" असं आम्ही एकमेकांना म्हणत होतो. खरं तर त्रास आम्हाला नको होता.

ती सीप मी ओळखली नसती. भोक पडलेला, काळा पडलेला शिंपला. कचरा म्हणून पहिल्या दिवशी फेकला असता. आणि फेकला हे मला कधी कळलंही नसतं.

मी आईला सगळं सांगितलं. तिथंच, नारळपाण्याच्या गाडीपाशी. नवरा चिऊला घेऊन पाण्याकडे गेला. आई बराच वेळ शहाळ्यात नळी फिरवत राहिली. रडली नाही, चिडलीही नाही. मग म्हणाली, "मले मालूम होतं काहीतरी हाय. तू आजकाल फोनवर लई गोड बोलते." आणि थोड्या वेळानं, "इकाचं तर इका. मी कितीक दिस राहीन तिथं. पन मले इचारून इका." मग एकदम, "त्या कप्तानाले बरं, त्यानं चिठ्ठ्या लावल्या. मले लिवता नाई येत एवढं."

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा, एकही टीप न लिहिलेला कोड समोर आला की आम्ही काय करतो, हे या धंद्यातल्यांना ठाऊक आहे. दोन दिवस समजून घ्यायचा प्रयत्न करतो, मग वैतागून काढून टाकतो आणि नवा लिहितो. कधी कधी सहा महिन्यांनी कळतं, की ती एक ओळ तिथं का होती. घराचं आम्ही तेच करायला निघालो होतो, आणि तेही लिहिणारी व्यक्ती अजून समोर बसलेली असताना.

किनाऱ्यावर एका टपरीत शंख-शिंपले विकायला होते. चिऊला वाटलं, चौथी कवडी घेऊन टाकू. जाता जाता सांगते, अशा ठिकाणी काहीही उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ साली शंख-शिंपल्यांच्या कितीतरी जातींना संरक्षण मिळालं आहे, आणि कुठला चालतो, कुठला नाही, हे आपल्याला ओळखता येत नाही. किनाऱ्यावर पडलेला रिकामा शंखही एखाद्या खेकड्याचं पुढचं घर असतो. मी हे चिऊला समजावत होते तेवढ्यात आईनंच निकाल दिला, "नोको. चिंचोका हाय ना. तुह्या पणजीनं ठेवला हाय तो."

परत आल्यापासून रोज रात्री जेवणं झाली की आम्ही बसतो. आई डोळे मिटून घरात शिरते. पडवी, ओटा, माजघर, चूल, अशी एकेक जागा घेते आणि तिथं काय आहे ते सांगते. कुणाचं, कुठून आलं, कशासाठी वापरायचे, शेवटचं कधी वापरलं. मी टाइप करते. चिऊ अनुक्रमांक देते. आतापर्यंत त्रेसष्ट वस्तू झाल्या आहेत. सीप आहे सतराव्या क्रमांकावर. दादाला यादी पाठवली तर आधी तो म्हणाला, "हे काय नवीन काढलंस?" दुसऱ्या दिवशी त्यानंच तीन वस्तू वाढवल्या. त्यातली एक होती बाबांचा टॉर्च, ज्याची मला आठवणच नव्हती. जुन्या वस्तूवाल्याला त्यानं सध्या थांबायला सांगितलं आहे.

घर राहील का? प्रामाणिकपणे सांगते, बहुतेक नाही राहणार. छप्पर गळतंच आहे आणि आई परत एकटी राहावी असं आम्हा दोघांनाही वाटत नाही. पण मे महिन्यात आम्ही घर रिकामं करायला जाणार नाही. आईला घेऊन जाणार आहोत, दोन्ही कुटुंबं, पंधरा दिवस. कैऱ्यांचे दिवस असतील. काय ठेवायचं, काय कुणाला द्यायचं आणि काय विकायचं, हे ती सांगेल, आणि जे ठेवू त्याला चिठ्ठी लागेल. अक्षर चिऊचं.

तुमच्याही गावच्या घरी अशी एखादी वस्तू असेल, जिचं नाव फक्त एकाच माणसाला माहीत आहे. त्या माणसाला आजच फोन करा. आणि काय निघालं ते मला जरूर कळवा.

काल रात्री चिऊ हरली. तिला शेवटी अष्टा हवा होता. तिन्ही कवड्या उपड्या पडल्या, चिंचोका तेवढा उताणा. "हाच नेहमी गडबड करतो," ती म्हणाली. आई म्हणाली, "आपल्याकडचा हाय ना तो, म्हनून."